मदत हवी आहे: दुर्बिणीला पंखा लावतोय, हवा कुठल्या दिशेने?

शाहूपुरीकर:
मंडळी, पटकन सांगा. दुर्बिणीच्या मागे कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवायचाय. गुरूचे पट्टे उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखे हलतात. पंखा आहे, बॅटरी आहे. हवा आत ढकलायची की बाहेर ओढायची, एवढंच विचारायचंय. आज आकाश मोकळं आहे, त्यामुळे 'आधी शोधा, मग विचारा' वगैरे नको.

अर्धाचंद्र:
कुठली दुर्बीण? किती इंची? मागून उघडी की बंद? पंखा किती व्होल्टचा? आम्ही काय ज्योतिषी आहोत का राव!

शाहूपुरीकर:
आरशाचीच ना, भिंगाच्या दुर्बिणीला पंखा कोण लावतं! आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे पेटीसारख्या साध्या बैठकीवर फिरणारी, फोकल लेंग्थ १२०० मिमी. पंखा १२ व्होल्ट, ८० मिमी. मागे प्लायची तबकडी आहे, तिला भोक पाडणार.

मिरजेचा_म्हातारा:
पंखाबिंखा काही लागत नाही. दुर्बीण संध्याकाळीच बाहेर ठेवायची, जेवून यायचं, मग बघायचं. आम्ही वर्षानुवर्षं हेच करतोय.

घासकाम:
काका, पातळ आरशाला ते ठीक आहे. शाहूपुरीकर, आरसा विकतचा की हाताने घासून बनवलेला? जाडी किती?

शाहूपुरीकर:
घासलेला. साध्या काचेचा, इंचभर जाड. याचा दिशेशी काय संबंध?

घासकाम:
दिशेशी नाही, पण पंखा का हवा याच्याशी आहे. साधी काच पायरेक्सच्या, म्हणजे तापमानाने कमी प्रसरणाऱ्या काचेच्या, जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. निवता निवता आरशाचा आकार बदलत राहतो, वर त्याच्यासमोर कोमट हवेचा थर साचतो. थंडीत संध्याकाळनंतर पारा उतरतच राहतो आणि जाड काच त्याच्या मागे रखडते. काकांचं जेवण झालं तरी ती निवलेली नसते. मागून आरशाच्या पाठीवर हवा मार. मी तसंच केलंय, झकास चालतं.

निळाशार:
चुकीचा सल्ला. आत मारलीस तर गच्चीवरची धूळ आरशावर आणि कोमट हवा सगळी नळीतून वर, म्हणजे बरोबर प्रकाशाच्या वाटेत. बाहेर ओढ. वरून थंड हवा येते आणि तो थर आरशाच्या कडेने मागे निघून जातो.

घासकाम:
वरून ओढली की धूळ येत नाही वाटतं? आणि आरशाच्या कडेची फट किती आहे त्यावर सगळं अवलंबून.

जिन्याखाली:
एवढं भांडू नका. पंख्याच्या वायरी उलट्या लावा, दिशा बदलते. दोन्ही करून बघा.

अर्धाचंद्र:
नाही बदलत. कॉम्प्युटरचा पंखा ब्रशलेस असतो, उलट्या वायरींवर तो फिरतच नाही, जळायचाही. पंखाच पालटून लावायचा. लाल प्लस, काळी मायनस, तिसरी पिवळी असेल तर ती वेग मोजायची, मोकळी सोड.

तारांगण_वाई:
विषय निघालाच आहे तर, पुतण्याला दहा हजारांत कुठली दुर्बीण घ्यावी? तो सातवीत आहे.

मिरजेचा_म्हातारा:
त्याला आधी द्विनेत्री घेऊन द्या. आणि शाहूपुरीकर, दिवसभर तापलेल्या स्लॅबवर बसून गुरू उकळणारच. यवतेश्वरच्या डोंगरावर जा की.

शाहूपुरीकर:
यवतेश्वरला ही पेटी दुचाकीवर नेऊ का? विषयावर या.

घासकाम:
काका स्लॅबचं खरं बोलले. तेव्हा आधी दोष कुठला ते बघ. एखादा ठळक तारा फोकसमधून थोडा बाहेर काढ. चकतीत आळसावलेल्या लाटा हलत असतील तर आरसा किंवा नळी. एकाच दिशेने भराभर सरकत असतील तर वरचं वातावरण, तिथे पंख्याचं काही चालत नाही.

शाहूपुरीकर:
काल बघितलं होतं. आळसावलेल्याच.

घासकाम:
मग लाव. फक्त प्लायला स्क्रूने आवळू नकोस, थरथर थेट आरशात जाते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चारही कोपऱ्यांना ताण आणि पंखा मध्ये लोंबता ठेव. कडेची मोठी फट फोमने बुजव. वेग कमी हवा, सात-आठ व्होल्ट पुरतात. ६ मिमीच्या आयपीसने, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाने, २०० पट मोठं दिसतं, त्यात तारा पंखा चालू आणि बंद करून बघ. चालू केल्यावर ठिपका पसरला तर पट्ट्या अजून ढिल्या.

निळाशार:
आणि बाहेर ओढ.

घासकाम:
आत.

अर्धाचंद्र:
पट्ट्यांवर आहे म्हटल्यावर पालटायला कितीसा वेळ! दोन्ही बघ आणि इथे लिही.

जिन्याखाली:
पंख्याने दव नाही का पडणार?

निळाशार:
उलट कमी पडतं. हलत्या हवेत दव सहसा धरत नाही. तुमच्याकडे कृष्णाकाठी धुकं असेल तर मात्र दुर्बीण घरातच बरी.

शाहूपुरीकर:
बरं. होलसॉ (गोल भोक पाडायची करवत) ६० मिमीचाच मिळालाय, पंखा ८० चा. चालेल?

अर्धाचंद्र:
साठच्या भोकावर ऐंशीचा पंखा नुसती शिट्टी मारेल. जिगसॉने मोठं कर. आणि आरसा काढून ठेवलायस ना? भुसा उडतो.