स्ट्रीमर बदलला तर आवाजात खरंच फरक पडतो का?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. प्रश्न जुनाच आहे, पण या वेळी पैसे माझे जाणार आहेत म्हणून पुन्हा विचारतो.

घरी बारा वर्षांचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, दोन बुकशेल्फ स्पीकर आणि २०१६ मध्ये घेतलेली, वायफायवरून गाणं घेणारी क्रोमकास्ट ऑडिओची चकती. (तिचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, आमची अजून ठणठणीत आहे.) ऐकणं म्हणजे मुख्यतः ख्याल, थोडं नाट्यसंगीत, रविवारी लेक लावेल ते. परवा एका दुकानात पासष्ट हजारांचा स्ट्रीमर, म्हणजे त्याच कामाचा महागडा डबा, ऐकला. तानपुरा असा काही उलगडला की हात आपोआप पाकिटाकडे गेला. विक्रेता म्हणाला, "साहेब, आवाजावरचा पडदा निघतो." बायको म्हणते, आधी घरातले पडदे बदला. काय करू?

चहाबाज
घ्या हो. वहिनींना किंमत सांगताना एक शून्य खा.

अर्थिंगवाला
थांबा, घाई नको. दुकानात स्पीकर कोणते होते? खोलीत गालिचा होता का? आणि व्हॉल्यूमचं बटण कोणाच्या हातात होतं? आवाज किंचित मोठा झाला की कानाला तो "मोठा" वाटतच नाही, "चांगला" वाटतो. दुकानदारांना हे आपल्यापेक्षा आधीपासून माहीत आहे.

स्ट्रीमरचं काम तसं कारकुनी. वायफायवरून आकडे घ्यायचे, थोडे साठवायचे, क्रमाने डॅककडे (आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपकडे) सोपवायचे. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सेकंदाला १४११ किलोबिट. तुमची चकती हे सहज पेलते, २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत जाते. आकडे दोन्ही डब्यांत तेच. राहता राहिला डॅक, आणि आजकाल स्वस्तातल्या डॅकचा दोषही बहुतेक वेळा कानाच्या टप्प्याच्या खालीच असतो.

याहून मोठ्या फरकाची परीक्षा झालेली आहे. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रयोग छापला. एसएसीडीचा (सीडीहून वरच्या दर्जाच्या तबकडीचा) आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जाला उतरवून, कोणता कोणता ते न सांगता ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून एवढी आलीच असती.

सुवर्णकर्ण
हे प्रयोगवाले नेहमी येतात. मी गेल्या वर्षी स्ट्रीमर घेतला आणि पहिल्या दिवशी फरक कळला. षड्ज लागायच्या आधीची शांतता जास्त शांत झाली. कान माझे आहेत, जर्नलचे नाहीत.

अर्थिंगवाला
सुवर्णकर्ण, त्याआधी काय वापरत होता?

सुवर्णकर्ण
लॅपटॉप. यूएसबी डॅकमधून अ‍ॅम्पला.

अर्थिंगवाला
चार्जर लावलेला?

सुवर्णकर्ण
अर्थात. बॅटरी चाळीस मिनिटं टिकते.

अर्थिंगवाला
मग तुम्ही खोटं ऐकलेलं नाही. एक तार चार्जरमार्गे अर्थिंगला जाते, दुसरी अ‍ॅम्पकडून, आणि त्या वळशात मेन्सची घूंऽऽ शिरते. सेट टॉप बॉक्सच्या केबलनेही असंच होतं. आज लॅपटॉप पुन्हा जोडा आणि वाजत असताना चार्जर उपटा.

सुवर्णकर्ण
केलं. घूं गेली. तरी स्ट्रीमर विकणार नाही, त्याचं अ‍ॅप झकास आहे.

अर्थिंगवाला
अ‍ॅपसाठी घेतलात तर काही म्हणणं नाही. घरघरच घालवायची असती तर डॅकला ऑप्टिकल केबलने जोडून भागलं असतं. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही.

सतारीची_खुंटी
मंद्रसप्तक, हॉल केवढा आहे? स्पीकर कुठे ठेवलेत?

मंद्रसप्तक
१० बाय १६. टीव्ही युनिटच्या दोन टोकांना, मागच्या भिंतीला टेकून. एक अगदी कोपऱ्यात. समोरच्या भिंतीला सोफा.

सतारीची_खुंटी
मग तुमचे पासष्ट हजार त्या कोपऱ्यात अडकलेत. हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टाइल्स, काचेचं सरकतं दार आणि उघडी भिंत असेल तर टाळीमागे बारीक "टर्रर्र" येईल. तीच प्रत्येक तानेला चिकटते. १० फूट रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झची लाट अडकून बसते, तिच्या दुपटीला ११२ ची. डग्गा नेमका त्याच परिसरात घुमतो, म्हणून काही घिस्से (डग्ग्यावर तळहात घासून काढलेले नाद) ढम्म आणि काही गायब.

स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा गोल) कानाच्या उंचीला, सोफाही भिंतीपासून जमेल तेवढा सुटा. खाली सतरंजी टाका. हे सगळं करूनही डबा घ्यावासाच वाटला तर रूम करेक्शन (खोलीनुसार आवाज जुळवून घेण्याची सोय) असलेला घ्या, तुमच्या बजेटच्या बऱ्याच खाली मिळतो. अ‍ॅपमधलं "ऑटो क्वालिटी" (नेटनुसार गाण्याचा दर्जा आपोआप उतरवणारं) तपासलंत ना?

आणि बालगंधर्वांच्या ७८ आरपीएम तबकड्यांसाठी कोणी २४ बिटचा आग्रह धरू नये. खरखर २४ बिटची मिळते, एवढंच.

मंद्रसप्तक
ऑटोच होतं. मान खाली.

मंद्रसप्तक
पंधरा दिवसांनी अहवाल.

मित्राकडून तसाच एक महागडा स्ट्रीमर शनिवार-रविवारपुरता आणला. अर्थिंगवाल्यांनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) सांगितल्याप्रमाणे मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवरचं व्होल्टेज जुळवलं. शंभरात एकाचा फरक म्हणजे ०.१ डेसिबल, तेवढ्यावर आणून ठेवलं. मी पाठ करून बसलो, लेकीने नाणं उडवून इनपुट बदलायचं. १६ पैकी किमान १२ बरोबर आली तर फरक ऐकू येतो म्हणायचं, असं ठरलं होतं.

नऊ आली. त्यानंतर एकदा लेकीने बटण फिरवल्याचा नुसता आवाज केला, फिरवलं काहीच नाही. तेव्हा मी "हा बघ, हा नवा!" म्हणून ओरडलो. ते आता घरात रोज ऐकवलं जातं.

स्पीकर मात्र दोन फूट पुढे आणले. सोफ्यावरून पहिल्यांदाच डग्ग्याची मींड खाली उतरताना सलग ऐकू आली, मध्ये खड्डा नाही. त्यासाठी पाठ करून बसावं लागलं नाही. येता-जाता स्पीकरला पाय लागतो, ते वेगळं.

टाळीची टर्रर्र सतरंजीने अर्धीच गेली, काचेचं दार बाकी आहे. उद्या जाड पडदे बघायला जातोय. बायकोने कापड महिनाभरापूर्वीच पसंत करून ठेवलंय, हे आज कळलं.

चहाबाज
पडद्यांची किंमत सांगताना वहिनी एक शून्य खातील बघा.