मदत हवी आहे: दरीपलीकडच्या नेमासाठी वारा कुठला धरायचा?

मंडळी, अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीचा परवाना मिळालाय. रायफल ६.५ क्रीडमूर काडतुसाची, गोळी १४३ ग्रेन वजनाची, झीरो (दुर्बिणीतला नेम आणि गोळी जुळतात ते अंतर) २०० यार्डांवर. गोळी किती खाली येईल हे गणित जमतं. उतार ३० अंशांचा असेल तर ४०० यार्डांचा नेम ३४६ यार्डांचा धरतो; ९,००० फुटांवरच्या विरळ हवेत गोळी तेवढ्याच अंतरात कमी खाली येते, तेही हे गणित करणाऱ्या ॲपमध्ये घालतो. घोडं अडतंय ते वाऱ्यापाशी. माझ्या हातातला वारा मोजायचा मीटर डावीकडून ताशी ५ मैल दाखवतो आणि पलीकडच्या उतारावरचं गवत नेमकं उलट झुकलेलं! बंदुकीजवळचा वारा धरायचा, दरीतला की जनावराजवळचा? जनावर जखमी होऊन तडफडत रानात जावं, हे मला अजिबात नको. डोंगरात शिकार केलेल्यांनी कृपया सांगा, असा वारा असताना किती यार्डांपलीकडे तुम्ही चाप ओढतच नाही?