'वसाहत': वसलेली की वसवलेली?

मुलगी मानववंशशास्त्र शिकतेय. तिच्या टिपणांचं मराठी करून देताना एका शब्दाशी अडले. 'कलोनियलिझम'ला आपण सरसकट वसाहतवाद म्हणतो. पण आमच्या घरात 'वसाहत' म्हटल्यावर इंग्रज कुणालाच आठवला नाही. सासूबाई म्हणाल्या, "वसाहत म्हणजे गोखलेनगरची, पूरग्रस्तांची." १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठचे संसार वाहून गेले, आणि त्या लोकांना जिथे जागा दिली ती वसाहत. ह्यांना आठवली औद्योगिक वसाहत. मग साहेबाच्या राज्यालाही हाच शब्द कसा? तो तर इथे वसला नाही, पेन्शन घेऊन परत गेला! कुणी सांगाल का?

– शब्द 'वसणे'शी जोडलेला आहे. माणूस आपण होऊन वसतो, किंवा त्याला कुणी वसवतं. 'वसाहत' दोन्ही पोटात घेते, गोम तिथेच आहे. पुण्यात गोरे राहिले त्या भागाला कुणी वसाहत म्हटलं नाही. १८१७ला खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली, छावणी पडली. गावानं तिला 'लष्कर' म्हटलं, पुढे 'कॅम्प'. जुनी माणसं राज्याला 'इंग्रजी अंमल' म्हणत, आणि मला तोच शब्द जास्त खरा वाटतो. वसवलं त्यांनी ते दुसऱ्यांनाच. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा घ्या. १९११नंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी अशा फिरत्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगाराचा शिक्का बसला. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात, 'वसाहत' नाही.

– 'हजेरी' विसरू नका. आपल्याला बाई हजेरी घ्यायच्या, आपण "हजर" म्हणून मोकळे. सेटलमेंटमध्ये मोठी माणसं पोलिसांपुढे हजेरी द्यायची, परगावी जायला पास लागायचा. आपण शाळेत हजेरी 'लावतो', ते ती 'देत'. क्रियापद बदललं की बघा काय होतं.

– आणि 'विमुक्त'. कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. म्हणून 'भटके-विमुक्त'. व्याकरणाच्या अंगानं हे कर्मणी रूप आहे: कुणीतरी सोडलेले. ज्या कायद्यातून सुटले तो नावातून काही सुटला नाही.

सगळ्यांचे आभार. 'वसाहतवाद' तसाच ठेवते, विद्यापीठात तोच चालतो. टिपणांतल्या सोलापूरच्या परिच्छेदात 'सेटलमेंट'च लिहिते. पण तिथे एक 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असाही उल्लेख आहे. त्याचं काय करू? 'मुक्त वसाहत' लिहायला हात धजत नाही.

– करूच नका काही. सोलापुरात पत्ता तसाच सांगतात.