विषय: गॅरेजची जमीन – इपॉक्सी, पॉलिअ‍ॅस्पार्टिक की आणखी काही?

नोव्हायहून

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला घर घेतलं. घर पंचवीसेक वर्षांचं, गॅरेज दोन गाड्यांचं, साधारण साडेचारशे चौरस फूट. हिवाळा संपल्यावर जमीन धुतली तेव्हा दिसलं की चाकांखालच्या जागी काँक्रीटचे पापुद्रे सुटलेत आणि खडी उघडी पडली आहे. दाराजवळ जास्त, आतल्या भिंतीकडे कमी.

दोन कंत्राटदार येऊन गेले. एक म्हणाला इपॉक्सी, म्हणजे काँक्रीटवर लावायचा राळेचा कडक रंग, पण आठवडाभर गाड्या बाहेर ठेवा. दुसरा म्हणाला पॉलिअ‍ॅस्पार्टिक, म्हणजे तसाच पण झटपट जमणारा रंग, एका दिवसात काम आणि दुसऱ्या दिवशी गाडी आत. चौरस फुटाला आठ डॉलर. नवऱ्याचं मत आहे की दुकानातून दीड-दोनशे डॉलरचं किट आणून आपणच लावू. पुण्याहून सासरे सांगतात, शहाबादी फरशी टाका, आयुष्यभर बघावं लागणार नाही.

आमची सगळी येजा गॅरेजमधूनच होते. चपला-बूट तिथे, दिवाळीचं तळण तिथे, आणि यंदा मंडळाच्या गणपतीचं मखरही आमच्याकडेच रंगवायचं ठरलंय. म्हणून जे करायचं ते टिकणारं हवं. कोणी करून घेतलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

ट्रॉयहून

ताई, आमच्याकडे गॅरेजच्या जमिनीला लावलेला रंग दुसऱ्याच हिवाळ्यानंतर निघाला. तेही कुठेही नाही, बरोबर चार चाकांच्या जागी. बाहेरून गाडी आणून लावली आणि सकाळी काढली की चाकाबरोबर रंगाचे पोपडे वर. ज्या कंत्राटदाराने केलं त्याने ॲसिड टाकून जमीन धुतली आणि दुसऱ्या दिवशी रंग फासला. वॉरंटीचं विचारलं तर म्हणे ‘जमिनीतली ओल’ त्यात धरलेली नाही. कामाआधी ओल तपासली होती का, याचं उत्तर आजपर्यंत मिळालेलं नाही. आता सगळं घासून काढायला नव्याने करण्याइतकाच खर्च सांगतात. कुणाकडूनही करून घ्या, पण वॉरंटीचा कागद आधी हातात घेऊन वाचा.

कॅन्टनहून

स.न.

मी मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात (यूडीसीटीत) रंगांचं शास्त्र शिकलो आणि पुढची सगळी नोकरी डेट्रॉइटला गाड्यांच्या रंगात गेली. त्यामुळे पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

इपॉक्सी की पॉलिअ‍ॅस्पार्टिक, हा नंतरचा प्रश्न. तुमचं काँक्रीट कोरडं आहे का आणि त्याचा वरचा थर घट्ट आहे का, हे आधी कळायला हवं. ते न बघता जगातला सगळ्यात महागडा रंग लावलात तरी तो निघेल.

काँक्रीटमध्ये अतिशय बारीक छिद्रांचं जाळं असतं. जमिनीतली ओल त्यातून वर येते आणि उघड्या पृष्ठभागावरून उडून जाते, म्हणून ती कधी आपल्या डोळ्यांत येत नाही. वर वाफ न सोडणारा थर दिला की ती त्याच्याखाली अडते, सोबत आलेले क्षारही तिथेच साचतात आणि चिकटलेला थर हळूहळू सुटतो. इथल्या निवासी बांधकाम संहितेत घराच्या स्लॅबखाली प्लास्टिकचा थर घालायला सांगितलाय, पण गॅरेजला त्यातून सूट आहे. म्हणजे तुमच्या गॅरेजच्या स्लॅबखाली प्लास्टिक नसेल, असंच धरून चाला.

तपासणी घरी करता येते. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या, चारही कडा टेपने पक्क्या चिकटवा आणि किमान १६ तास हलवू नका. एक दाराजवळ, एक मधोमध, एक मागच्या भिंतीपाशी. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झालेलं असलं तर ओल आहे. एवढ्याने किती ओल ते कळत नाही, आणि एकदा कोरडं निघालं म्हणजे कायमचं सुटलो असंही नाही. म्हणून ही तपासणी आत्ता करा, बर्फ वितळून जमीन भिजलेली असताना. कडक थंडीत किंवा ऑगस्टमध्ये करून फसू नका. नेमका आकडा हवा असेल तर स्लॅबला भोक पाडून आत आर्द्रतेचा प्रोब बसवतात. चांगला कंत्राटदार हे स्वतःहून सुचवतो.

दुसरी तपासणी पाण्याच्या थेंबाची. जमिनीवर ठिकठिकाणी थेंब टाका. पाणी मुरलं तर ठीक. गोळा होऊन वर बसून राहिलं तर तिथे तेल आहे किंवा आधीच्या मालकाने सीलर, म्हणजे पाणी अडवणारा द्रव, मारलेला आहे, आणि त्यावर काहीही धरणार नाही. तिसरी, हातोडीच्या दांड्याने ठोकत चला. पोकळ आवाज आला ती जागा खडूने खुणावून ठेवा.

ट्रॉयचे दादा, तुमच्याकडचा एखादा पोपडा उलटा करून बघा. मागची बाजू गुळगुळीत असेल तर रंगाने काँक्रीटला धरलंच नव्हतं. मागे काँक्रीटची पातळ साय चिकटून आली असेल तर रंगाने धरलं होतं, पण खालचा थर कमजोर होता. चाकांच्याच जागी निघालं यालाही कारण आहे. हायवेवरून आलेलं टायर तापलेलं असतं, त्याने रंग मऊ पडतो, टायरमधली तेलं त्यात उतरतात, आणि टायर गार होताना आक्रसून रंगाला ओढतं. पातळ आणि नीट न धरलेला रंग तिथेच हार मानतो. किटमधला पाण्यावरचा इपॉक्सी वाळल्यावर दोन-तीन मिल उरतो, म्हणजे इंचाचे दोन-तीन हजारांश. नुसती राळ असलेला, पाणी किंवा द्रावक नसलेला इपॉक्सी आठ-दहा मिलचा बसतो. तुमच्या यजमानांना हा फरक जरूर सांगा.

नोव्हायच्या ताई, तुमच्याकडचे पापुद्रे मिठाने सुटलेत. डेट्रॉइट शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, तिथलंच मीठ रस्त्यावर पडतं आणि गाडीच्या पोटाला चिकटलेल्या बर्फातून आपल्या घरात येतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. मिठाच्या पाण्याने काँक्रीटचा वरचा थर सतत भिजलेला राहतो, आणि गाडीची ऊब, रात्रीची थंडी असं चक्र हिवाळाभर चालतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड तर हवेतली ओल ओढून घेतात, शिवाय सिमेंटवरही त्यांची रासायनिक क्रिया होते. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा थरांचा दगड. पुण्याच्या अंगणात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कारण तिथे पाणी गोठत नाही. इथे त्याच्या थरांत आणि सांध्यांत शिरलेलं पाणी त्याला फोडेल.

आता जमिनीची तयारी. ॲसिडने धुण्यापेक्षा हिऱ्याच्या चकतीने घासणं कधीही चांगलं. ॲसिड तेलाच्या डागावर काम करत नाही, सगळीकडे सारखं खात नाही, आणि नीट धुतलं नाही तर त्याचे क्षार मागे राहतात. शिवाय धुण्याचं पाणी पुन्हा काँक्रीटमध्येच मुरतं. घासल्यावर पृष्ठभाग मध्यम सँडपेपरसारखा खरखरीत लागला पाहिजे. मशीनला व्हॅक्यूम जोडलेला असलाच पाहिजे, ती धूळ सिलिकाची आहे आणि फुप्फुसात कायमची बसते. सुटलेली जागा घट्ट काँक्रीट लागेपर्यंत खणून इपॉक्सी मॉर्टरने (राळ आणि वाळूच्या मिश्रणाने) भरायची, मगच रंग.

इपॉक्सी सावकाश जमतो, म्हणून छिद्रांत शिरायला त्याला वेळ मिळतो आणि तो चांगला धरतो. पण उन्हात पिवळा पडतो. दमट किंवा थंड हवेत लावला तर वर तेलकट पांढुरका थर येतो आणि पुढचा हात त्यावर बसत नाही. म्हणून लावताना जमीन ५० अंश फॅरेनहाइटच्या वर आणि दवबिंदूहून किमान ५ अंश गरम हवी. पॉलिअ‍ॅस्पार्टिक १९९० च्या दशकात बायर कंपनीने पुढे आणलं. ते पिवळं पडत नाही, काही तासांत जमतं. पण हाच वेग उघड्या काँक्रीटवर आड येतो, मुरायच्या आत ते घट्ट होतं. मला विचाराल तर खाली ओल सोसणारा इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलिअ‍ॅस्पार्टिक. त्याला दोन दिवस लागतात, आणि एका दिवसात गाडी आत या आश्वासनासाठी तो दुसरा दिवस सोडू नये.

पॉलिअ‍ॅस्पार्टिक घरी लावू नका. त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्या वासानेही दमा उठतो. माझ्या धंद्यात मी अशी माणसं पाहिली आहेत.

रॉचेस्टर हिल्सहून

काका, पत्र जपून ठेवलंय.

मला निसरडेपणाबद्दल लिहायचंय. माझी आई इथे येते तेव्हा गाडीतून उतरून स्वयंपाकघरात गॅरेजमधूनच जाते. बुटाखालचा बर्फ वितळला की गुळगुळीत जमिनीवर तरुण माणूससुद्धा सटकतो. कंत्राटदार सांगतात की ओल्या रंगावर रंगीत चिप्स (प्लास्टिकच्या बारीक कपच्या) टाकल्या की पाय सरकत नाही. तसं नाही. चिप्सवर पारदर्शक थर जाड बसला की त्या आत बुडतात. सगळ्यात वरच्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड मिसळायला सांगा, आणि एका पाटीवर नमुना करून घेऊन ओल्या पायाने चालून बघा. फार जाड पूड घातली तर पोछा अडकतो आणि अनवाणी पायाला टोचतं. नमुन्याशिवाय होकार देऊ नका.

आणि तळणाचं. दार पूर्ण उघडं, गाड्या बाहेर, शेगडीजवळ रंगाचे डबे आणि पेट्रोल नाही. शेगडीखाली सिमेंट बोर्डाचा तुकडा ठेवा. कढईतलं तेल सांडलं तर कुठलाही रंग मऊ पडेल. जमीन पुन्हा करता येईल, पाय घसरला तर काय, एवढंच डोक्यात असू द्या.

ॲन आर्बरहून

आम्ही भाड्याच्या घरात आहोत, बहुतेक पुढच्या वर्षी हलू. एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या टाइल बघतोय. काका, त्या कशा?

कॅन्टनहून

तुमच्यासाठी योग्य. जमिनीला काहीच चिकटवायचं नाही, जाताना उचलून न्यायच्या. पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. मऊ पीव्हीसीवर टायरमधल्या रसायनांचे तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत. जाळीदार टाइलखाली मिठाचं पाणी आणि रेती साचते, तेव्हा वसंतात एकदा सगळ्या उचलून खालची जमीन धुवावीच लागेल. गाडी जॅकवर घ्यायची असेल तर जॅकखाली प्लायवुड ठेवा, नाहीतर टाइल तडकते.

मागच्या पत्रात एक राहिलं. ज्यांना चकचकीत जमीन नको, फक्त काँक्रीट वाचवायचं आहे, त्यांनी सिलेन-सिलोक्सेनचा आत मुरणारा सीलर बघावा. तो थर धरत नाही, वाफ सोडतो, मिठाचं पाणी आत जाऊ देत नाही आणि खर्च बराच कमी. काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. मात्र तो एकदा मारला की त्यावर इपॉक्सी धरत नाही. म्हणून सीलर की रंग, हे आधीच नक्की करा. ‘तोवर सीलर मारून ठेवू’ असं कुणीही करू नका.

ट्रॉयहून

काका, पोपडा उलटा केला. आरशासारखा गुळगुळीत.

नोव्हायहून

काका आणि मंडळी, प्लास्टिक उचललं. मागे आणि मधे कोरडं. दाराजवळच्या तुकड्याखाली थेंब आणि काँक्रीट काळपट. नवऱ्याने बाहेर जाऊन बघितलं तर छपराच्या पन्हाळीचं पाणी त्याच कोपऱ्यात, भिंतीला लागून उतरतंय. मातीचा उतारही घराकडेच आहे. पन्हाळीला दहा फुटांचा पाइप जोडून पाणी हिरवळीकडे काढलंय, माती भरून उतार पालटतोय.

दोन्ही कंत्राटदारांना विचारलं की प्रोब लावून आकडा देणार का, आणि घासणार की ॲसिड. एकाने दोन्हींना टाळलं. दुसऱ्याने, म्हणजे इपॉक्सीवाल्याने, दोन्ही मान्य केलं आणि वरचा थर पॉलिअ‍ॅस्पार्टिकचा करायलाही तयार झाला. तरी काम लगेच देत नाही. जूनच्या पावसानंतर दाराजवळ पुन्हा प्लास्टिक लावू. कोरडं निघालं तर सप्टेंबरात काम. ओल राहिलीच तर रंगाचा विचार सोडून सीलर. तोपर्यंत गाड्यांखाली उभ्या कडेच्या चटया घातल्यात, त्यातलं पाणी बाहेर काढून टाकता येतं. सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांना पाणी गोठून दगड फुटतो हे पटलं, आता ते रोज पन्हाळीची चौकशी करतात.

मखर जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या काँक्रीटवरच रंगवू. ताडपत्री लागेल, कुणाकडे मोठी असेल तर कळवा. आणि ट्रॉयच्या दादांना जुना रंग काढायचाच आहे. घासायचं मशीन व्हॅक्यूमसकट भाड्याने मिळतं. कुणाला त्याच शनिवार-रविवारी आपलं गॅरेज घासायचं असेल तर भाडं वाटून घेऊ. मे अखेरपर्यंत मला थेट लिहा.