मदत हवी आहे: दोन मानांच्या गिटारीवरचा तुकडा साध्या गिटारीवर कसा वाजवायचा? (कॉलिन्स किड्स)

तरफेचीतार

नमस्कार मंडळी. विभाग चुकला असेल तर धागा योग्य ठिकाणी हलवावा.

आमच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर ज्याला जे येतं ते सादर करायची पद्धत आहे. दरवर्षी तीच चार भावगीतं आणि एक मिमिक्री. यंदा माझी मुलगी (पंधरा) आणि मुलगा (बारा) हटून बसलेत की आम्ही कॉलिन्स किड्सचं 'हॉप, स्किप अँड जंप' करणार. मला हे नाव दोन महिन्यांपूर्वी माहीतही नव्हतं. मुलगा गिटारचे व्हिडिओ बघत बसतो, त्यातून कुठूनतरी हे दोघं घरात शिरले आणि आता जेवतानासुद्धा तेच.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: काळा-पांढरा जुना अमेरिकन टीव्ही. एक मुलगी गिटार घेऊन ताठ उभी, शांतपणे गातेय. तिच्या शेजारी झालरीचे कपडे घातलेला वीतभर पोरगा, गळ्यात त्याच्याच आकाराची दोन मानांची गिटार, आणि अंगात आल्यासारखा उड्या मारतोय. ती बहीण लॉरी, तो भाऊ लॅरी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं पोरगं नुसतं हातवारे करतंय, वाजवणारा पडद्यामागे असेल. मुलाने व्हिडिओ पाव वेगावर लावून दाखवला. उडी मारून पाय जमिनीला टेकायच्या आत डावा हात बरोबर जागेवर. तोच वाजवतोय.

आता अडचण. गाण्याच्या मध्ये आमच्या चिरंजीवांना दुसऱ्याच क्लिपमधला तुकडा घालायचा आहे. त्यात लॅरी आणि जो मॅफिस नावाचे एक मोठे गृहस्थ शेजारी शेजारी उभे राहून जुगलबंदी करतात. दोघांकडे तशाच दोन मानांच्या गिटारी. हात मोठ्या मानेवरून आखूड मानेवर गेला की आवाज एकदम किणकिणायला लागतो. आमच्याकडे साधी अकूस्टिक गिटार आहे. तिच्यावर तेवढ्या वरचे सूर काढायला गेलं की हात लाकडाला आपटतो.

प्रश्न असे की त्या आखूड मानेच्या तारा नेमक्या कोणत्या सुरात लावलेल्या असतात? आमच्या गिटारीवर ते सूर काढायला काही युक्ती आहे का? आणि वेगाचं काय? सव्वा महिना हातात आहे. मला स्वतःला गिटार येत नाही, लहानपणी माउथ ऑर्गन वाजवायचे तेवढंच, त्यामुळे कृपया सोप्या भाषेत सांगा.

पागोळी

हे एव्हर्ली ब्रदर्स असणार. आमच्या वडिलांकडे रेकॉर्ड होती त्यांची.

तरफेचीतार

नाही हो पागोळी, ते दोघे भाऊ. ही बहीण-भावाची जोडी, आणि दणका वेगळाच आहे. ऐकून बघा, फरक पहिल्या दहा सेकंदांत कळेल.

खर्जातला

वा! या दोघांवर मराठीत कोणी धागा काढेल असं वाटलं नव्हतं.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. त्या आखूड मानेवरही सहाच तारा असतात, पण साध्या गिटारीपेक्षा एक सप्तक वर लावलेल्या. म्हणजे तिच्या मोकळ्या तारेचा सूर हा तुमच्या गिटारीच्या बाराव्या पट्टीचा (फ्रेटचा) सूर. लॅरीने तिकडे पाचव्या पट्टीवर बोट ठेवलं तर तुमच्या मुलाला सतरावी पट्टी गाठायला हवी. साध्या अकूस्टिकची मान चौदाव्या पट्टीला पोटाला मिळते. हात आपटतो तो त्यामुळे, मुलाची चूक नाही.

ही गिटार सेमी मोझली या कारागिराची, ब्रँड मोझराइट. 1954 साली त्याने तशी एक जो मॅफिसला करून दिली, मग लॅरीलाही मिळाली. मॅफिस हा लॅरीचा गुरूच. नुसता नावाला नाही, दर शनिवारी शेजारी उभं करून शिकवणारा. त्या जुगलबंदीत नीट पाहा, पोरगा मॅफिसच्या बोटांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. आपल्याकडे तबलजी गवयाकडे बघतो तसा.

युक्ती दोन. एक तर सगळा तुकडा एक सप्तक खाली वाजवायचा, गच्चीवर कोणाला कळणार नाही. किंवा कोणाकडून तरी कटअवे असलेली, म्हणजे मानेजवळ पोटाला खाच कापलेली इलेक्ट्रिक मागून आणायची, वरच्या पट्ट्यांपर्यंत हात जातो.

तरफेचीतार

सप्तक खाली वाजवून बघितलं. मुलगा म्हणतो "आई, हे झोपलंय." खरंच झोपलंय. आणि इलेक्ट्रिक आणली तर ती कायमची घरात राहील ही भीती.

साखरांबा

भाबडा प्रश्न. एवढे भारी होते तर नाव कसं कधी कानावर आलं नाही? एल्व्हिस माहीत आहे, कार्ल पर्किन्स माहीत आहे.

खर्जातला

साखरांबा, प्रश्न भाबडा मुळीच नाही, सगळ्या चाहत्यांचं घोडं तिथेच अडतं. जरा लांबण लावतो, तरफेचीतार यांनी माफ करावं.

दोघं ओक्लाहोमाची. लॉरीचा जन्म 1942 चा, लॅरीचा 1944 चा. लॉरी आठ वर्षांची असताना टल्सामध्ये गाण्याची स्पर्धा जिंकली. तिथे यजमान होता लिऑन मॅकऑलिफ, म्हणजे बॉब विल्स या कंट्री संगीतवाल्याच्या वाद्यवृंदातला स्टील गिटारवाला. पुढे 1953 मध्ये घरच्यांनी बिऱ्हाड उचललं आणि थेट कॅलिफोर्निया गाठलं. लॉस एंजेलिसजवळ कॉम्प्टनमध्ये दर शनिवारी रात्री 'टाउन हॉल पार्टी' नावाचा कार्यक्रम व्हायचा, टीव्हीवरही दिसायचा. 1954 मध्ये ही दोघं त्यात आली. लॅरी नऊ वर्षांचा, लॉरी अकरा-बाराची. लक्षात घ्या, त्याच वर्षी जुलैमध्ये तिकडे मेम्फिसला एल्व्हिसची पहिली रेकॉर्ड निघत होती. रॉकअबिली (कंट्री आणि रॉक अँड रोलची सरमिसळ) हे नावही नीट रुळलेलं नव्हतं आणि ही पोरं ते वाजवत होती.

1955 मध्ये कोलंबियासारख्या बड्या कंपनीने करार केला. 'बीटल बग बॉप', 'हॉप, स्किप अँड जंप', 'हॉय हॉय', 'व्हिसल बेट', अशा एकापाठोपाठ एक रेकॉर्ड निघाल्या. एकही खपाच्या यादीत वर चढली नाही.

का? माझं मत सांगतो, पटेल न पटेल. हे दोघं ऐकायचे नव्हतेच, बघायचे होते. रेकॉर्डवर लॅरीची गिटार ऐकलीत तर एक चांगला वादक ऐकू येतो, तो अजून शाळकरी पोरगा आहे, उड्या मारतोय, मध्येच बहिणीला चिडवतोय, हे तबकडीवर कुठून कळणार? आणि ज्या कार्यक्रमात हे दिसायचं तो त्या भागातल्या टीव्हीचा. बाकी अमेरिकेने काळी तबकडी तेवढी ऐकली. 'रँच पार्टी' या फिल्मवर घेतलेल्या मालिकेमुळे थोडं बाहेर गेलं, तेवढंच. म्हणून तर आज ते पुन्हा सापडतायत ते व्हिडिओतून. चाहत्याला विचारा पहिल्यांदा कुठे ऐकलंत, तो म्हणेल "पाहिलं".

पागोळी

पाहिलं. एव्हर्लीवाली कमेंट मागे घेतो. पण मला तो मुलगा नाही, ती मुलगी जास्त आवडली. एवढा गोंधळ शेजारी चालू आहे आणि ती सुरावरून तसूभर हलत नाही. एका ठिकाणी भाऊ जवळजवळ तिच्या अंगावर येतो, तर ती गाता गाता अर्धं पाऊल बाजूला सरते आणि उजवा हात तालात चालूच.

खर्जातला

लाखातलं बोललात. लॉरीकडे लोक दुर्लक्ष करतात. ताल तिच्या हातात आहे म्हणून तो उड्या मारू शकतो. तरफेचीतार, तुमच्या मुलीला हे सांगा.

झाऱ्याचीशुक्राचार्य

विरस करतोय, पण मला ते बघताना थोडं कसंतरीच झालं. नऊ वर्षांचं पोर दर शनिवारी रात्री उभं करायचं, नटवायचं, उड्या मारायला लावायच्या. आज कोणी केलं तर आपणच ओरडू. त्यांना बालपण मिळालं का?

खर्जातला

शंका रास्त आहे, खोडून काढायची नाही मला. लॉरीबद्दल एवढं सांगू शकतो की ती रिकी नेल्सन या तरुण गायकाबरोबर हिंडायची, त्याच्या घरच्यांच्या टीव्ही मालिकेत त्याची मैत्रीण म्हणून झळकलीही. पण 1959 मध्ये तिने लग्न केलं ते गायक जॉनी कॅशचा व्यवस्थापक स्टू कार्नल याच्याशी, तेव्हा ती विशीतही नव्हती. पुढे जोडी ओसरत गेली. लॅरी गाणी लिहू लागला. 'डेल्टा डॉन' माहीत असेल, ते त्याने ॲलेक्स हार्वीबरोबर लिहिलेलं. 1972 मध्ये गायिका टान्या टकरने गाजवलं, 1973 मध्ये गायिका हेलन रेड्डीने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं. म्हणजे ज्याच्या स्वतःच्या रेकॉर्डी यादीत चढल्या नाहीत त्याचं गाणं चढलं. ते गाताना किती जणांना झालर लावलेला तो पोरगा आठवला असेल?

तसं 1993 मध्ये इंग्लंडात हेम्सबीच्या रॉक अँड रोल मेळ्यात दोघं पुन्हा एकत्र उभी राहिली. लॅरी तेव्हा पन्नाशीला टेकलेला. त्याआधी दोनच वर्षं जर्मनीतल्या बेअर फॅमिली कंपनीने त्यांच्या जुन्या गाण्यांचा संच काढला होता. स्वतःच्या देशात विसरलेल्यांना युरोपातल्या चाहत्यांनी जपलं. लॉरी 2018 ला गेली, लॅरी जानेवारी 2024 मध्ये.

मिजराब

उशिरा आलो. मी सतारवाला, गिटारीतलं फार कळत नाही, पण वेगाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

व्हिडिओ बघितला. पोरगा प्रत्येक सुराला एकदा खाली, एकदा वर मारतोय, न चुकता. हे आमचं दा-रा दा-रा. मुलाला आधी डाव्या हाताला सुट्टी द्यायला सांगा. एकच मोकळी तार, तोंडाने बोल म्हणत: दा रा दा रा. मग दुगुनीत दिर दिर. हाताचं कोपर कडक झालं की थांबायचं. मनगट ढिलं राहतं तोच वेग खरा. रोज वीस मिनिटं, पंधरा दिवस. त्यानंतर डावा हात जोडा. तुकडा आधी जोडला की मुलं डाव्या हाताच्या मागे धावतात आणि उजवा लटपटतो.

दुसरं म्हणजे तो किणकिणाट ऐकून मला पहिल्यांदा मेंडोलिनच आठवलं. घरात कोणाचं आहे का?

खर्जातला

अरे! हे मला सुचायला हवं होतं. मेंडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. त्यातली सगळ्यात बारीक तार ई ला लागते (ई, ए, बी ही इंग्रजी सुरांची नावं), आणि ती बरोबर त्या आखूड मानेच्या सगळ्यात बारीक तारेचाच सूर आहे. मॅफिस स्वतः मेंडोलिन वाजवायचा. शाब्बास मिजराब.

एक अडचण म्हणजे दुसरी जोडी मेंडोलिनवर ए ला असते, गिटारीच्या हिशेबाने ती बी हवी. ती एक स्वर चढवली तर वरच्या दोन जोड्यांवर मुलाला गिटारीचीच बोटं चालतील. तुकडा बहुतेक तेवढ्यातच बसतो. खालच्या दोन जोड्यांना हात लावू नका.

तरफेचीतार

तुम्ही मंडळी काय आहात! सासरे एकेकाळी ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवायचे. माळ्यावर आहे. उद्या काढते.

साखरांबा

जुन्या तारा चढवू नका हं, आधी बदला.

तरफेचीतार

साखरांबा, तुमचा सल्ला दोन तास उशिरा वाचला. बी ला नेताना दुसऱ्या जोडीतली एक तार तुटली, गंजलेलीच होती. मुलाच्या गालाला निसटती लागली, फार नाही. सासऱ्यांनी "मी सांगितलं असतं की" असं तीनदा म्हणून घेतलं, मग स्वतःच मांडी घालून बसले. उरलेल्या एका तारेवर त्यांनी तो तुकडा ऐकून ऐकून काढला. ऐंशीला आलेत, बोटं थरथरतात, पण दिर दिर अजून स्वच्छ आहे. मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

आता बेत बदलला आहे. मुलगी गाणार आणि ताल धरणार, मुलगा गिटारीवर, मेंडोलिन आजोबांकडे. उड्या मारायच्या की नाही यावर दोघं भांडतायत. मुलीचं म्हणणं की आधी वाजवून दाखव.

दा-रा चा आज सहावा दिवस. कान किटले आहेत.

तेव्हा शेवटची मदत: मेंडोलिनच्या तारांचा संच दुकानात मागताना काय बघून घ्यायचा? ए ची बी करायची आहे हे सांगितलं की बारीक तार मागू का? आणि त्या जुन्या वाद्याच्या खुंट्या घट्ट बसल्यात, तेल घातलं तर चालेल का?

मिजराब

दुसऱ्या जोडीसाठी नेहमीपेक्षा एक नंबर बारीक मागा. खुंट्यांच्या दातेरी चाकाला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब, काडीच्या टोकाने. लाकडाला लागू देऊ नका. आणि कोजागिरीचा व्हिडिओ इथे टाका.