मदत हवी आहे : चढावर गाडी ढिम्म, मागे काळा धूर

नमस्कार मंडळी. गाडी जुनी, 1.3 लिटर टर्बो डिझेल. शहरात फारसं जाणवत नाही, पण पुण्याजवळचा कात्रजचा घाट लागला की रडते. 2000 आरपीएमच्या पुढे जो टर्बोचा (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) जोर यायचा तो गायब. पाय पूर्ण दाबला तरी तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात यावंच लागतं, आणि मागे काळा धूर. चेक इंजिनचा दिवा मात्र पेटत नाही.

डिझेल फिल्टर, एअर फिल्टर नवे टाकले. फरक शून्य. नेहमीचे मेकॅनिक काका थेट ‘टर्बो बदला’ म्हणतात. (खर्चाचा आकडा ऐकून घरात शांतता.) मला पटत नाही. डिझेल कमी पडत असतं तर काळा धूर कशाला आला असता? डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. शिवाय जोर दिला की बॉनेटखालून गॅस्केट गेलेल्या कुकरसारखी फुसफुस ऐकू येते. म्हणून माझा संशय इंटरकूलरच्या होजवर (टर्बोची हवा थंड करून इंजिनकडे नेणारा पाइप), नाहीतर उघड्या अडकलेल्या ईजीआर व्हॉल्व्हवर (जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप).

धनकवडी, सिंहगड रोड भागात स्मोक टेस्ट करून (पाइपांत धूर सोडून) हवेची गळती शोधणारं कुणी आहे का? स्कॅनर लावून, गाडी चढावर चालवत बूस्ट प्रेशर (टर्बोच्या हवेचा दाब) बघणारं हवंय. उभ्या गाडीत नुसते कोड वाचून उपयोग नाही. आणि होजच निघाला तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातला चालेल की ओरिजिनलच घ्यावा?

पंधरा वर्षांचं रिपासिंग (आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण) जवळ आलंय, त्यामुळे जरा घाई आहे.