लाल रुमालवाला फिट्झसायमन्स: सुरुवात कुठून करू?

संध्या_ठाणे:
लेकीकडे सिडनीला आलेय. इथल्या लायब्ररीत डोक्याला लाल बंडाना बांधणाऱ्या एका बाप्याची पुस्तकं रॅक भरून आहेत, पीटर फिट्झसायमन्स. जावई म्हणतो हा आधी रग्बी खेळायचा. एकेक पुस्तक विटेएवढं, माझं इंग्रजी बेताचं, त्यात हा इतिहास की कादंबरी तेच कळेना, दोन पानं चाळली तर मेलेली माणसं आत्ता समोर बसून बोलतायत असं लिहिलंय! कुणी वाचलाय का?

पर्रामाटाकर:
जावई बरोबर सांगतायत. ऑस्ट्रेलियाकडून 7 टेस्ट, 1989-90, लॉक होता, म्हणजे स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे गडी डोकी भिडवून बॉलसाठी रेटतात ते) दुसऱ्या रांगेत डोकं खुपसून रेटणारा गडी. मग सिडनी मॉर्निंग हेराल्ड या पेपरात कॉलम आणि मग ही पुस्तकं. 'कोकोडा' घ्या. दुसरं महायुद्ध, 1942, पापुआ न्यू गिनीचे डोंगर, जपानी पोर्ट मोर्सबीच्या दिशेने निघालेत आणि अडवायला कोण तर ऑस्ट्रेलियाची 39वी बटालियन, सगळी नवशिकी पोरं. त्यांना 'चोको' म्हणून चिडवायचे, चॉकलेटचे सोल्जर, ऊन लागलं की वितळणार. तीच पोरं त्या चिखलात मागे सरकत सरकत लढली. मी रात्री दोनपर्यंत जागलोय ह्या पुस्तकापायी.

बखरीचा_किडा:
रंगवतो भारी, पण जपून. संवाद स्वतःच्या कल्पनेने भरतो म्हणून इथले इतिहासवाले नाकं मुरडतात, आणि शोधाशोध करायला रिसर्चर्सची टीम असते, ते तो स्वतःच सांगतो म्हणा. आपल्याकडे बखर खरी की कागद खरा यावर डोकी फुटतात, तसंच आहे हे. त्याचंच 'टोब्रुक' (लिबियातलं बंदर, 1941 मध्ये जर्मनांनी वेढलेलं) मी त्या वेढ्यात आपली भारतीय 18वी कॅव्हलरी होती म्हणून हातात घेतलं आणि अडकलो ऑस्ट्रेलियन पोरांच्या खंदकात. जर्मन रेडिओने उंदीर म्हणून हिणवलं तर पठ्ठ्यांनी तेच नाव छातीवर मिरवलं. माझं म्हणाल तर गोष्ट याची वाचा, तारखा दुसरीकडे तपासा.

संध्या_ठाणे:
धन्यवाद दोघांनाही. कोकोडा कुणीतरी नेलंय, म्हणून नॅन्सी वेकवालं आणलं. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये जर्मनांविरुद्ध छुपी लढलेली, गेस्टापो म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस जिला 'पांढरी उंदरी' म्हणायचे ती. इथेही उंदीरच 😀 अवांतर: रग्बीत बॉल हाताने पुढे का फेकत नाहीत, असं जावयाला विचारलं आणि चहा गार झाला तरी त्याचं चालूच.